ख्रिस्ती प्रायश्चित्तमीमांसेंतील रक्त

ख्रिस्ती धर्मग्रंथ जिज्ञासेनें हातीं घेणाऱ्या सुशिक्षित मराठी वाचकास सर्वांत अधिक अडखळविणारा शब्द कोणता, असें कोणीं विचारल्यास 'रक्त' हेंच उत्तर आम्ही देऊं. डोंगरावरील प्रवचन त्यास आपलें वाटतें. उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचतांना त्याचे डोळे पाणावतात. वधस्तंभावरून केलेली क्षमेची प्रार्थना त्यास आपल्या संतांच्या शांतीची आठवण करून देते. पण पुढें पत्रें सुरू झालीं, आणि येशूच्या रक्तानें पापाची शुद्धि होते, रक्त वाहिल्यावांचून क्षमा नाहीं, अशा आशयाची भाषा आली, कीं त्याचें मन मागें सरतें. गांवदेवीपुढें कापलेला बोकड त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्या देवाचें वर्णन आतांपर्यंत पिता म्हणून ऐकलें, त्यास क्षमा करण्यापूर्वीं रक्त कां लागावें, असा प्रश्न त्यास पडतो; आणि हा प्रश्न रास्त आहे.

तो केवळ परधर्मीयांसच पडतो असें मात्र नाहीं. ख्रिस्ती पंडितांमध्येंच त्यावर गेलीं शेंसव्वाशें वर्षें वाद चालू आहे, आणि त्या वादांत दोन्ही पक्षांकडे विद्वत्ता व श्रद्धा यांपैकीं कशाचीच वाण नाहीं. आम्ही येथें धर्मोपदेशकाची भूमिका घेत नाहीं, आणि खंडन करणाराचीहि घेत नाहीं. एक शब्द वेदीवरून निघाला, ग्रीक भाषेंत आला, बाजारांत व न्यायालयांत फिरला, गीतांत गाइला गेला आणि अखेर मराठींत उतरला. ह्या प्रवासांत त्याचें काय झालें एवढेंच पाहावयाचें आहे. रक्त म्हणजे क्रुद्ध देवास चुकती केलेली किंमत, हा अर्थ ज्या ग्रंथांवर उभा केला जातो त्या ग्रंथांत तो आम्हांस सांपडत नाहीं. निरनिराळ्या प्रतिमांची सरमिसळ होऊन तो मागाहून त्यांवर बसला आहे असें आमचें मत आहे.

प्रारंभ लेवीय नांवाच्या ग्रंथापासून केला पाहिजे. मोशेच्या पांच ग्रंथांपैकीं ह्याच्या वाटेस वाचक सहसा जात नाहींत; अर्पणें, विधि आणि शुद्धाशुद्ध यांच्या याद्या पाहून बहुतेक जण तेथून पळ काढतात. आमच्याकडील श्रौत व गृह्य सूत्रांची ज्यांस थोडीबहुत ओळख आहे, त्यांस मात्र तेथें फारसें परकें वाटूं नये. ह्या ग्रंथाच्या १७ व्या अध्यायांतील ११ वें वचन सर्व वादाचें मूळ होय. तेथें सांगितलें आहे तें थोडक्यांत असें, कीं प्राण्याचा जीव त्याच्या रक्तांत असल्यामुळेंच त्या रक्ताला प्रायश्चित्ताचें सामर्थ्य आहे, आणि त्यासाठींच देवानें तें वेदीकरितां लोकांच्या स्वाधीन केलें आहे. येथें देणारा कोण व घेणारा कोण तें नीट पाहावें. माणूस देवास रक्त देऊन त्याला शांत करतो असें हें वचन म्हणत नाहीं. देवच माणसास एक साधन देतो असें म्हणतें. ज्या प्रकरणांत हें वचन येतें तें सगळें प्रकरण रक्त खाऊं नये ह्या निषेधाचें आहे. जीव देवाचा, म्हणून रक्त माणसाचें अन्न नव्हे; आणि तें देवाचेंहि अन्न नव्हे. बैलांचें मांस व बकऱ्यांचें रक्त मी सेवन करतों कीं काय, असा उपहासाचा प्रश्न ५० व्या स्तोत्रांत देवाच्याच तोंडीं घातलेला आहे. गांवदेवीच्या बोकडाशीं तुलना येथेंच लंगडी पडते.

आतां त्याच ग्रंथाचा १६ वा अध्याय घ्या. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं वर्षाचें मोठें प्रायश्चित्त होत असे. प्रमुख याजक प्रथम स्वतःसाठीं एक गोऱ्हा पुढें आणी. मग लोकांच्या वतीनें आणलेल्या दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एक बकरा देवाच्या नांवाचा. त्याचा वध करून त्याचें रक्त पडद्याच्या आंत, परमपवित्रस्थानांत नेऊन, कराराच्या कोशावरील दयासनावर व दयासनापुढें शिंपडावयाचें. नंतर तेंच बाहेर येऊन वेदीच्या शिंगांस लावावयाचें. हें सर्व आटोपल्यावर दुसरा बकरा पुढें आणीत. याजक आपले दोन्ही हात त्याच्या मस्तकीं ठेवून लोकांचे सर्व अपराध उच्चारी, ते त्या बकऱ्यावर लादी, आणि त्यास जिवंत रानांत सोडून देण्यांत येई.

हा विधि आम्हीं वारंवार वाचला, आणि दर वेळीं एका गोष्टीचें नवल वाटलें. पापें ज्याच्या माथीं घातलीं त्याचें रक्त सांडत नाहीं. रक्त ज्याचें सांडलें त्याच्या माथीं पापें घातलेलीं नाहींत. निर्दोष पशूवर माणसाचें पाप लादावें व त्याबद्दल त्यास देहान्ताची शिक्षा द्यावी, हा जो अर्थ व्यासपीठावरून इतक्या सहजपणें सांगण्यांत येतो, तो ह्या विधींत बसवूं गेल्यास दोन्ही बकऱ्यांची अदलाबदल करावी लागते. इतर पापार्पणांत यजमान पशूच्या डोक्यावर हात ठेवतो, तेथें पाप लादण्याचा अर्थ आहे असें कोणी म्हणतील. परंतु त्या पापार्पणाचें उरलेलें मांस परमपवित्र समजून याजकांनीं पवित्रस्थानीं खावें अशी स्पष्ट आज्ञा आहे. पापानें माखलेला पशु वधानंतर परमपवित्र कसा ठरेल, ह्याचें समाधानकारक उत्तर त्या पक्षाकडून अद्याप आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

मग रक्ताचें काम काय? जेकब मिल्ग्रोम ह्या अमेरिकन यहुदी पंडितानें लेवीयाच्या अभ्यासांत सारी हयात घालविली, आणि त्याच्या १९९१ सालच्या प्रचंड भाष्यानंतर ह्या ग्रंथाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्याचें म्हणणें असें, कीं पापार्पणाचें रक्त पापी माणसावर शिंपडलेंच जात नाहीं. तें वेदीवर, पडद्यापुढें, दयासनावर शिंपडतात. अर्थात् शुद्ध करावयाचें तें मंदिर. लोकांच्या पापांचा मळ देवाच्या निवासस्थानावर सांचत जातो. तो तसाच सांचूं दिला तर देव तेथें राहणार नाहीं. म्हणून जीवरूप रक्तानें तो धुवावयाचा. १९७६ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत मिल्ग्रोमनें ह्यास ऑस्कर वाइल्डच्या डोरियन ग्रे ह्या नायकाच्या चित्राची उपमा दिली आहे. त्या कादंबरींत पाप नायक करतो आणि चेहरा चित्राचा विद्रूप होतो. तसेंच येथें मनुष्याचें पाप मंदिराच्या चेहऱ्यावर उमटतें. कर्मठ विधिग्रंथाच्या भाष्यकारास अशी उपमा सुचावी ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें, कारण तिच्यामुळें रूक्ष वाटणारा विधि एकदम नैतिक होतो. पाप करणाऱ्याच्या तोंडावर कांहींच दिसत नाहीं. सर्वांच्या मधोमध असलेली पवित्र वस्तु मात्र काळवंडत जाते.

ह्या मताची आणखी एक साक्ष त्याच ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत आहे. ज्यास मेंढी परवडत नाहीं त्यानें दोन पारवे आणावे. तेहि ज्यास परवडत नाहींत त्यानें एका एफाचा दहावा भाग सपीठ आणावें, आणि त्याचीहि क्षमा होईल. सपिठांत रक्त कोठून येणार? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायांतलें रक्तावांचून क्षमा नसल्याचें जें वचन शेंकडों प्रवचनांचा आधार झालें आहे, त्याच्या आरंभीं 'बहुतेक' अशा अर्थाचा शब्द आहे. त्या लेखकास गरिबाचें सपीठ ठाऊक होतें. पुढच्या उपदेशकांस तें 'बहुतेक' गैरसोयीचें वाटलें असावें. निदान तें फारसें ऐकूं येत नाहीं.

येथवर जुन्या करारापुरतें झालें. नव्या करारांत येशूच्या 'रक्ता'चा उल्लेख येतो तेथें त्याचा अर्थ जीवन कीं मृत्यु, हा खरा वादाचा मुद्दा. केंब्रिजचे प्रख्यात पंडित व पुढें डरहॅमचे बिशप झालेले ब्रूक फॉस वेस्टकॉट यांनीं योहानाच्या पत्रांवरील १८८३ च्या व इब्री पत्रावरील १८८९ च्या भाष्यांत असें प्रतिपादन केलें, कीं रक्त म्हणजे निव्वळ मृत्यु नव्हे. मृत्यूनें मोकळें झालेलें आणि इतरांस उपलब्ध झालेलें जीवन असाहि अर्थ त्यांत आहे. लेवीयाच्या वचनाशीं हें जुळतें. परंतु स्कॉटलंडचे जेम्स डेनी यांनीं १९०२ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या उपपत्तीस आधारच नाहीं असें ठांसून सांगितलें, आणि १९५५ सालीं ऑस्ट्रेलियन पंडित लिऑन मॉरिस यांनीं शब्दांची मोजदाद करून तोच पक्ष पुढें नेला. इब्री भाषेंतील 'दाम' हा रक्तवाचक शब्द जुन्या करारांत साडेतीनशेंहून अधिक वेळां येतो, आणि त्यांतील मोठा भाग खून, लढाई, सूड ह्यांच्या संदर्भांतला आहे. तेव्हां रक्त म्हणजे हिंसेनें आलेला मृत्यु, असा त्यांचा निष्कर्ष.

मॉरिस यांचे परिश्रम मोठे आहेत, पण हा तर्क आम्हांस पटत नाहीं. मराठींत 'पाणी' हा शब्द हजारों ठिकाणीं विहिरीच्या, पावसाच्या व हंड्याच्या संबंधानें येतो. त्या सर्वांची टिपणें करून एखाद्या परदेशीय पंडितानें 'पाणी सोडणें' ह्याचा अर्थ लावूं म्हटलें तर तो काय लावील? दानाच्या संकल्पाचा विधि डोळ्यांपुढें असेल त्यासच तो अर्थ कळेल. खुनाच्या कथेंतलें रक्त आणि वेदीवरचें रक्त एकाच शब्दानें सांगितलेलें असलें तरी त्यांचें काम एक नव्हे. उलटपक्षीं वेस्टकॉट यांचेंहि सारेंच ग्राह्य आहे असें नाहीं. त्यांच्या विवेचनांत रक्त हें जणूं एक स्वतंत्र सूक्ष्म द्रव्य बनतें, आणि वधस्तंभावरील प्रत्यक्ष मरण, त्यांतली वेदना व अन्याय, ह्यांच्या कडेकडेनें ते हलक्या पावलांनीं निघून जातात. शेवटच्या भोजनाच्या वेळीं ओतल्या जाणाऱ्या रक्ताचा उल्लेख आहे; रक्त ओतलें जाणें म्हणजे मरण, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

ह्या दोघांहून इब्री पत्राचा अनामिक लेखक अधिक खोल गेलेला आहे. तो कोण हें तिसऱ्या शतकांतील ऑरिजेनासहि सांगतां आलें नाहीं. पण त्याचें ग्रीक उत्तम आहे आणि त्याचा युक्तिवाद एखाद्या कसलेल्या मीमांसकाचा आहे. त्याच्या मांडणींत भर वधावर नाहीं, प्रवेशावर आहे. पशु बाहेर मारला जातो; प्रायश्चित्त पुरें होतें तें याजक आंत गेल्यावर. येशू स्वतःच याजक व स्वतःच अर्पण होऊन स्वर्गींच्या पवित्रस्थानांत गेला असें तो म्हणतो. डेव्हिड मॉफिट यांनीं २०११ सालच्या ग्रंथांत हाच धागा घेऊन दाखविलें, कीं ह्या पत्राप्रमाणें अर्पणाचा क्षण पुनरुत्थानानंतरचा आहे आणि जें अर्पिलें गेलें तें अविनाशी जीवन होय. वेस्टकॉट यांची कल्पना अशा रीतीनें सव्वाशें वर्षांनीं निराळ्या वाटेनें परत आली.

परंतु ह्या पत्राचें मर्म आम्हांस दहाव्या अध्यायांत दिसतें. तेथें ४० व्या स्तोत्राचा आधार घेतला आहे. देवास यज्ञ व अर्पण नको होतें असें स्तोत्रकार म्हणतो, आणि पुढें मूळ इब्री भाषेंत, देवानें आपले कान खोदून उघडले असें सांगतो. म्हणजे ऐकण्याची, आज्ञा पाळण्याची शक्ति दिली. ग्रीक भाषांतरांत ह्या जागीं कानांऐवजीं देवानें शरीर सिद्ध केलें असा पाठ आला, आणि पत्रलेखकानें तोच घेतला. कान आणि शरीर ह्या पाठभेदांत सारा सिद्धान्त सांठविला आहे. ज्याचे कान उघडे आहेत त्याचें सगळें शरीरच अर्पण होतें. रक्त हें त्या आज्ञाधारकपणाचें शेवटचें टोंक. बैलांचें व बकऱ्यांचें रक्त पाप नाहींसें करूं शकत नाहीं असें हाच लेखक स्वच्छ म्हणतो. यज्ञरक्ताच्या भाषेंतच तो यज्ञरक्ताचा शेवट करीत आहे. इसवी सन ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळल्यावर यहुदी धर्मानेंहि प्रार्थना, पश्चात्ताप व दानधर्म ह्यांच्या वाटेनें वेदी मागें टाकली. एकाच घरच्या दोन भावंडांनीं एकाच प्रश्नास दिलेलीं हीं दोन उत्तरें आहेत.

घोटाळा पुढें झाला. नव्या करारांत उद्धाराची कल्पना देण्यासाठीं पुष्कळ प्रतिमा आहेत. वेदीवरून रक्त येतें. गुलामांच्या बाजारांतून खंडणी येते. न्यायालयांतून दोषमुक्ति येते. रणांगणावरून जय येतो. प्रत्येक प्रतिमा आपापल्या हद्दींत बोलकी आहे. पण व्याख्यात्यांनीं हद्दी मोडल्या. खंडणी म्हटलें कीं ती कोणास दिली, असा प्रश्न निघाला. कांहींनीं सैतानास असें उत्तर दिलें. चवथ्या शतकांतील नाझियान्झसच्या ग्रेगरीनें हें उत्तर लाजिरवाणें म्हणून झिडकारलें, आणि पित्यास दिली म्हणावें तर पित्यानें आम्हांस कोठें कैदेंत ठेवलें होतें, असें विचारून तो व्यवहारच संशयास्पद ठरविला. १०९८ च्या सुमारास अॅन्सेल्मनें देव मनुष्य कां झाला ह्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथांत देवाच्या मानाची भरपाई ही कल्पना आणली. ती त्या काळच्या सरंजामी समाजास शोभणारी होती. तरी त्याच्या मतें भरपाई केली म्हणजे शिक्षा टळते. सोळाव्या शतकांतील सुधारकांनीं, विशेषतः कॅल्विननें, शिक्षा भोगणें हीच भरपाई असें ठरविलें, आणि वेदीवरचें रक्त कायमचें न्यायालयांत आलें. वास्तविक न्यायालयांत रक्ताचें काय काम? तेथें तें फार तर अपराधाचा पुरावा होऊं शकेल. त्यानें कोणी निर्दोष ठरत नाहीं. यशयाच्या ५३ व्या अध्यायांत निरपराध सेवक इतरांच्या अपराधांचें दुःख सोसतो, हें आम्ही विसरलों नाहीं. बदलीं सोसण्याची कल्पना तेथें आहे व ती अति हृदयस्पर्शी आहे. पण त्या अध्यायांत रक्त हा शब्दच नाहीं.

प्रतिमा स्थानभ्रष्ट झाली म्हणजे काव्यावर काय परिणाम होतो तें विल्यम कूपर ह्या इंग्रज कवीच्या एका प्रसिद्ध गीतांत दिसतें. १७७९ सालीं निघालेल्या ओल्नी गीतसंग्रहांतील ह्या गीतांत रक्तानें भरलेला एक झरा आहे, व पापी लोक त्यांत बुडून निर्मळ होतात. झरा आला आहे जखऱ्या ह्या संदेष्ट्याच्या ग्रंथांतून. पण तेथें रक्ताचें नांव नाहीं. प्रकटीकरणाच्या ग्रंथांतहि कोंकऱ्याच्या रक्तांत वस्त्रें धुऊन शुभ्र केल्याचा उल्लेख आहे. परंतु तेथें रक्तानें पांढरें होणें ह्या विरोधामुळेंच वाचक चित्र मनांत रंगवीत नाहीं, अर्थाकडे वळतो. कूपर चित्र रंगवितो, आणि येथेंच त्याची अभिरुचि चुकते. तथापि ह्या कवीची हेटाळणी आम्हांकडून होणार नाहीं. १७७३ सालीं त्यास वेडाचा झटका आला, आणि देवानें आपणांस कायमचें टाकिलें आहे अशी त्याची जी समजूत झाली ती १८०० सालीं मरेपर्यंत गेली नाहीं. हा आजार होता, त्याचें खापर कोणत्याहि सिद्धान्तावर फोडणें योग्य नव्हे. तरी सर्वांसाठीं वाहणारा झरा ज्यानें गाइला त्यालाच, हिशेबाच्या वहींतून आपलें नांव खोडलें गेलें आहे असें वाटावें, आणि त्या काळच्या उपदेशांत त्याला उत्तर देणारें कांहीं मिळूं नये, ही गोष्ट मनाला चटका लावते. वहीच्या ठिकाणीं जर त्यास दयासन दिसलें असतें, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. आमच्या भाषांतरकारांनीं लेवीयांतील 'किप्पेर' ह्या इब्री क्रियापदास 'प्रायश्चित्त' हा शब्द योजिला. मूळ धातूचा अर्थ झांकणें, पुसून काढणें, कीं मोबदला देणें, ह्याविषयीं मतभेद आहेत. अक्कादी भाषेंतील सजातीय शब्दावरून पुसणें, शुद्ध करणें हा अर्थ बळकट दिसतो. प्रायश्चित्त शब्द मोठ्या तोलाचा खरा. मनूच्या ११ व्या अध्यायापासून तो चालत आला आहे. पण धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त करणारा तो पापीच. कृच्छ्र असो, चांद्रायण असो, घांस मोजून त्यानेंच खावयाचे. आणि बोलण्यांत आपण 'केल्या कर्माचें प्रायश्चित्त भोग' असें म्हणतों, तेथें तर त्याचा अर्थ उघड उघड शिक्षा. त्यामुळें येशूनें आमच्या पापांचें प्रायश्चित्त केलें हें वाक्य ऐकतांच मराठी मनुष्य, आमच्या वांट्याची शिक्षा त्यानें भोगली, असाच अर्थ घेतो. कॅल्विनचें नांवहि न ऐकतां तो कॅल्विनच्या न्यायालयांत जाऊन बसतो! लेवीयाच्या विधीस 'पापक्षालन' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा झाला असता. धुण्याची कल्पना त्यांत आयती आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत १६११ च्या इंग्रजी भाषांतरानें जेथें प्रायश्चित्तवाचक शब्द घातला, तेथें मराठीनें 'समेट' हा साधा, घरगुती शब्द योजून इंग्रजीहून सरस काम केलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

एक उणीव मात्र दूर करण्यासारखी आहे. रोमकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायांत येशूस देवानें पुढें ठेवलें असें सांगतांना पौल 'हिलास्तेरियॉन' हा ग्रीक शब्द वापरतो. मराठींत तेथें 'प्रायश्चित्त' आहे. इब्री पत्राच्या ९ व्या अध्यायांत पवित्रस्थानांतील वस्तूंची यादी देतांना हाच ग्रीक शब्द येतो, आणि तेथें मराठींत 'दयासन' आहे. पौलाच्या मनांत कोणता अर्थ होता ह्याविषयीं पंडितांचे मतभेद असोत. १९३१ सालीं सी. एच्. डॉड यांनीं ह्या शब्दकुळांत देवाचा राग शमविण्याहून पाप पुसून टाकण्याचा अर्थ प्रधान आहे असें मांडल्यापासून तो वाद धुमसतच आहे. पण दोन्ही ठिकाणीं शब्द एकच आहे, हें मराठी वाचकास कळावयास मार्गच नाहीं. पुढील आवृत्तींत रोमकरांस पत्राच्या त्या वचनाखालीं 'किंवा, दयासन' एवढी दोन शब्दांची तळटीप घातली, तरी वाचकास पडद्यामागील ती जागा सांपडेल.